सातवा प्रश्न

सीमा बांधलेल्या जागेत भिक्खू बसलेले असतात. उपसंपदा, म्हणजे भिक्खूपदाची पूर्ण दीक्षा, घ्यायला आलेला श्रामणेर पात्र-चीवर घेऊन त्यांच्यापासून थोडा दूर, एकटा उभा असतो. एक भिक्खू त्याच्यापाशी जातो आणि पालीतून विचारू लागतो. कुष्ठ आहे का? गळवे? कोड? क्षय? फेफरे? या पाचांना ‘नत्थि, भन्ते’ असे उत्तर द्यायचे. मग सहावा प्रश्न : तू माणूस आहेस का? आणि सातवा : ‘पुरिसोसि?’ तू पुरुष आहेस का? या दोन्हींना ‘आम, भन्ते’, होय भन्ते. पुढे विचारतात, तू कोणाचा दास नाहीस ना, डोक्यावर कर्ज नाही ना, राजाच्या चाकरीत नाहीस ना, आईवडिलांची परवानगी आहे ना, वीस वर्षे पूर्ण झाली ना, पात्र-चीवर जमवलेस ना. श्रीलंका, म्यानमार, थायलंड या देशांत हे प्रश्न आजही विचारले जातात.

बहुतेक तरुण सातव्या प्रश्नावरून इतक्या सहज पुढे जातात की तो विचारला गेल्याचेही त्यांच्या लक्षात राहत नाही. ज्यांना तिथे थांबावे लागते त्यांच्याविषयी हे प्रकरण आहे. जन्मल्याबरोबर सुईणीने किंवा डॉक्टरने ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ म्हणून जाहीर केले, पण ते आपल्याला लागू नाही हे जे आयुष्यभर जाणून असतात, अशी ही माणसे. मराठीत आपण त्यांना पारलिंगी म्हणतो, तृतीयपंथी म्हणतो. त्यांना भिक्खू किंवा भिक्खुणी होता येते का? संघाच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकात एका जागी याचे उत्तर साफ ‘नाही’ असे आहे, आणि दुसऱ्या जागी ‘होय’च्या फार जवळ जाणारे आहे. संघाने पहिले पान वारंवार उघडले आणि दुसरे क्वचित. माझ्या मते सगळा प्रश्न या निवडीत आहे.

विनय हा काही एका बैठकीत लिहिलेला कायदा नाही. काहीतरी घडायचे, कोणीतरी तक्रार घेऊन यायचे, गावात कुजबुज सुरू व्हायची, आणि मग भगवान बुद्ध नियम घालून द्यायचे. वर सांगितलेल्या बहुतेक प्रश्नांमागे अशी एकेक हकीकत विनयपिटकाच्या महावग्ग या भागात दिलेली आहे. बुद्धांच्या वडिलांना, शुद्धोदनाला, आधी मुलगा घर सोडून गेल्याचे आणि मग नातू राहुल गेल्याचे दुःख सोसवले नाही. त्याच्या विनंतीवरून आईवडिलांच्या परवानगीची अट आली. लढाईवर जायचे टाळून सैनिक चीवर पांघरू लागले तेव्हा राजा बिंबिसाराने गाऱ्हाणे केले, म्हणून राजाच्या चाकरांना बंदी झाली. ‘तू माणूस आहेस का?’ या प्रश्नाची गोष्ट तर विलक्षण आहे. आपल्या नागयोनीला कंटाळलेल्या एका नागाने तरुणाचे रूप घेऊन उपसंपदा मिळवली. एका पहाटे तो गाढ झोपला आणि झोपेत त्याचे खरे रूप परत आले. कुटीभर वेटोळी पसरली, खिडक्यांतून बाहेर आली, आणि सोबतच्या भिक्खूने घाबरून किंकाळी फोडली. या धर्मविनयात नागाची वाढ होत नाही, असे भगवानांनी त्याला सांगितले तेव्हा तो रडत निघून गेला. थायलंडमध्ये उपसंपदेला निघालेल्या तरुणाला त्या दिवशी ‘नाक’, म्हणजे नाग म्हणतात. ज्याला परत पाठवले त्याचे नाव प्रवेश मिळणारा प्रत्येक जण थोडा वेळ धारण करतो, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

आजारांच्या पाच प्रश्नांमागे जीवक आहे. मगधात साथ पसरली होती. जीवक हा राजवैद्य. तो राजाचे आणि संघाचे उपचार करी, इतरांच्या वाट्याला येत नसे. तेव्हा लोकांनी युक्ती काढली. भिक्खू व्हायचे, जीवकाकडून बरे व्हायचे आणि चीवर उतरवून घरी जायचे. हे उघडकीला आल्यावर जीवकाने भगवानांना विनंती केली की या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या, म्हणजे संघप्रवेशाची पहिली दीक्षा, देऊ नये. म्हणजे कुष्ठरोग्याला संघाबाहेर ठेवणारा नियम आला तो एका वैद्यावर पडलेल्या कामाच्या बोजातून. जीवकाचे हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे परत येणार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सुरुवातीला हे प्रश्न थेट संघाच्या मध्यभागी विचारले जात. उमेदवार लाजत, गोंधळत, उत्तर देऊ शकत नसत. तेव्हा भगवानांनी सांगितले की आधी बाजूला नेऊन समजावून सांगा, मग संघासमोर विचारा. स्त्रियांचे प्रश्न तर शरीराच्या अगदी खाजगी गोष्टींपर्यंत जातात : पाळी येते का, ती अखंड वाहते का, अवयव पूर्ण आहेत का, दोन्ही चिन्हे तर नाहीत ना. पुरुषांसमोर त्या संकोचत, म्हणून आधी भिक्खुणीसंघात विचारणा व्हावी असे ठरले. नियम घालणाऱ्याला समोरच्याची लाज दिसत होती.

आता ते बंद दार. एका पण्डकाची भिक्खूंमध्ये प्रव्रज्या झाली होती. तो तरुण भिक्खूंकडे गेला आणि त्याने शरीरसंबंध मागितला, त्यांनी हाकलले. मग श्रामणेरांकडे गेला, त्यांनीही हाकलले. शेवटी तो माहुतांकडे आणि मोतद्दारांकडे गेला. त्यांनी संबंध ठेवला आणि मग तेच गावभर सांगत सुटले की हे शाक्यपुत्रीय श्रमण पण्डक आहेत, आणि जे नाहीत ते पण्डकांशी भ्रष्ट होतात. ही कुजबुज कानावर आली आणि नियम झाला : पण्डकाला उपसंपदा देऊ नये, दिली असेल तर काढून घ्यावी. दोन्ही चिन्हांच्या, म्हणजे उभतोब्यञ्जनक व्यक्तीबद्दलही अशीच छोटी हकीकत आणि असाच नियम आहे.

हा मजकूर वाचताना मला सुदिन्न आठवतो. वैशालीजवळच्या कलंदक गावचा हा भिक्खू. घराण्याला वारस हवा म्हणून आईने आग्रह केला आणि त्याने आपल्या पूर्वीच्या पत्नीशी संबंध ठेवला. त्यातून पहिला पाराजिक नियम आला : मैथुन करणारा भिक्खू संघात राहत नाही. पण सुदिन्नानंतर कोणी असे म्हटले नाही की लग्न झालेल्या पुरुषांना उपसंपदाच देऊ नये. तिथे दोष कृतीचा धरला गेला. पण्डकाच्या बाबतीत एकाच्या कृतीचा दोष त्याच्या सगळ्या जातकुळीला लावला गेला, आणि तोही माहुतांच्या तोंडच्या बदनामीमुळे. संघ भिक्षेवर जगत होता; गावात नाव गेले की पात्र रिकामे राहणार. त्या काळची ती अडचण मी समजू शकतो. पण ती अडचणच होती, धम्माचे तत्त्व नव्हते, हे ध्यानात असावे.

शिवाय हा पण्डक होता तरी कोण? मूळ पिटकात व्याख्या नाही. ती येते पाचव्या शतकात, विनयावरच्या बुद्धघोषाच्या समन्तपासादिका या अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, आणि तिथे पण्डकाचे पाच प्रकार होतात. परक्याचे वीर्य तोंडात घेऊन ज्याची वासना शमते तो एक. दुसऱ्यांचा संग पाहून मत्सराने ज्याची शमते तो दुसरा. वृषण काढून टाकलेला तिसरा. कृष्णपक्षात पण्डक होणारा आणि शुक्लपक्षात शांत असणारा चौथा. आणि जन्मतःच चिन्ह नसलेला नपुंसक, तो पाचवा. पहिल्या दोघांना प्रव्रज्येची बंदी नाही आणि चौथ्याला फक्त त्याच्या पंधरवड्यापुरती आहे, हेही तिथेच नोंदवलेले आहे. म्हणजे वासना, मत्सर, इजा, चंद्राच्या कला आणि जन्मजात शरीररचना एका टोपलीत घालून वर एक नाव डकवले आहे. ‘मी पुरुषाच्या देहात आहे पण स्त्री आहे’ असे म्हणणारी व्यक्ती या पाचांत कुठेही नाही. तरीही थायलंडात पण्डकाचा अर्थ सर्रास ‘कथोय’, म्हणजे पारलिंगी स्त्री, असा घेतला जातो, आणि आपल्याकडेही पण्डक म्हणजे तृतीयपंथी असे भाषांतर करून माणसे मोकळी होतात. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवला की बंदी आपोआप पुढच्या शतकात चालू राहते.

तिसऱ्या प्रकाराशी आपल्या भूमीचा एक जिवंत धागा जुळतो. हिजडा समाजात शस्त्रक्रियेने पुरुषचिन्ह काढण्याच्या विधीला ‘निर्वाण’ म्हणतात. जुने आयुष्य संपले, नवा जन्म झाला, असा त्याचा अर्थ. अट्ठकथेच्या हिशेबाने मात्र हे निर्वाण झालेली व्यक्ती संघाबाहेर राहते. हा शब्द ज्या परंपरेने घडवला तिच्याच दारात तो अडतो.

मिलिंदपञ्हानेही मदत केलेली नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला ज्या राजाचे नाव दिले त्याच मिलिंदाच्या प्रश्नोत्तरांत, नीट आचरण केले तरी ज्यांना धम्माचे आकलन होत नाही अशांच्या यादीत पण्डक आणि उभतोब्यञ्जनक येतात. हा ग्रंथ मला प्रिय आहे आणि ही यादी मला टोचते. दोन्ही खरे आहे.

दुसरे पान विनयपिटकात पहिल्या पाराजिकाच्या उदाहरणांत आहे. अगदी थोडक्यात सांगितलेली घटना : एका भिक्खूच्या ठिकाणी स्त्रीलिंग प्रकट झाले. भिक्खू भगवानांकडे गेले. आता काय करायचे? उत्तर असे की तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तेच वर्षावास मोजून हिने भिक्खुणींमध्ये जावे. दोन्ही संघांना समान असलेल्या दोषांची शुद्धी भिक्खुणींसमोर करावी. जे दोष फक्त भिक्खूंना लागू आहेत, त्यांतून ती मुक्त. लगेच पुढची घटना उलट : एका भिक्खुणीच्या ठिकाणी पुरुषलिंग प्रकट झाले. उत्तर तेच, फक्त दिशा बदललेली. पालीत ‘लिंग’ म्हणजे खूण, चिन्ह. मराठी शाळेत आपण नामाचे लिंग ओळखायला शिकतो, तोच हा शब्द. खूण बदलली, माणूस तोच राहिला, त्याची ज्येष्ठताही तीच राहिली.

इथे पुन्हा उपसंपदा घ्यायला सांगितलेले नाही, हे मुद्दाम पाहावे. संघात माणसाची जागा त्याच्या वर्षावासांवरून ठरते. बारा वर्षावास झालेला भिक्खू पाच झालेल्याच्या पुढे बसतो. लिंग बदलल्यावरही ते बारा बाराच राहतात. ना चौकशी, ना शिक्षा, ना शुद्धीकरण.

अट्ठकथाकाराने या दोन ओळींवर जे लिहिले आहे ते मी अनेकदा वाचतो. दोन भिक्खू एका खोलीत झोपले आहेत. मध्यरात्री एकाचे लिंग बदलते. जागे झाल्यावर तो घाबरून सोबत्याला सांगतो. सोबत्याने काय करावे? त्याने धीर द्यावा. काळजी करू नकोस, हा संसाराचाच दोष आहे. भिक्खू असो की भिक्खुणी, सम्यक्संबुद्धांनी दार उघडे ठेवले आहे, धम्म झाकला गेलेला नाही, असे सांगावे. मग विचारावे, तुझ्या ओळखीच्या कोणी भिक्खुणी आहेत का? आणि तिला भिक्खुणीविहाराकडे जायला मदत करावी. पुढे त्या ग्रंथाच्या स्वभावाप्रमाणे बारकाव्यांचा कीस निघतो. लिंग बदलल्यावर पात्राचे आणि चीवराचे अधिष्ठान सुटते, ते पुन्हा करावे लागते. एका छताखाली झोपल्याचा दोष कोणाला? वाटेत नदी लागली तर? पुरुषलिंग श्रेष्ठ आणि स्त्रीलिंग हीन, असेही त्याच पानावर म्हटले आहे. त्या काळाची उतरंड तिथे शाबूत आहे. पण त्या उतरंडीतही कोणाला दाराबाहेर काढलेले नाही. मध्यरात्री घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे हे विनयाच्या टीकाकाराला लिहून ठेवावेसे वाटले.

सोरेय्याची गोष्ट धम्मपदाच्या अट्ठकथेत येते. सोरेय्य नगरातला हा श्रीमंत व्यापाऱ्याचा मुलगा, दोन मुलांचा बाप. स्नानाला जाताना त्याने महाकच्चायन स्थविरांना चीवर नेसताना पाहिले आणि त्यांच्या सोनेरी कांतीवर भुलून तो मनात म्हणाला, हे माझी बायको असते तर! त्याच क्षणी तो स्त्री झाला. लाजेने पळून तक्षशिलेला गेला, गेली. तिथे लग्न झाले, आणखी दोन मुले झाली. पुढे जुना मित्र भेटला, त्याच्या सांगण्यावरून तिने स्थविरांची क्षमा मागितली आणि ती पुन्हा पुरुष झाली. मग सोरेय्याने प्रव्रज्या घेतली. लोक विचारत, चारांपैकी कोणती मुले अधिक प्रिय? आधी उत्तर होते, ज्यांना मी पोटातून जन्म दिला ती. अर्हत झाल्यावर उत्तर बदलले : माझा जीव आता कोणातच अडकलेला नाही. गोष्टीत लिंगबदल ही शिक्षा आहे, हे नाकारता येत नाही. पण दोन्ही देह जगून आलेल्या या माणसाला स्वतः महाकच्चायनांनी प्रव्रज्या दिली, आणि तो अर्हत झाला.

आता दुसरा जीवक.

मायकेल डिलन यांचा जन्म 1915 मध्ये लंडनमध्ये, आयर्लंडातल्या एका सरदार घराण्यात झाला. मुलगी म्हणून वाढवले गेले. ते नाव त्यांनी मागे टाकले, म्हणून मीही ते लिहीत नाही. ऑक्सफर्डला शिकले, तिथे नौकाशर्यतीत नाव कमावले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिस्टलच्या एका गॅरेजमध्ये काम करत असताना ते टेस्टोस्टेरॉन घेत होते. 1944 मध्ये जन्मनोंदणीत दुरुस्ती होऊन ते कायद्याने पुरुष झाले. 1946 ते 1949 या काळात सर हॅरॉल्ड गिलीज या प्लास्टिक सर्जननी त्यांच्यावर किमान 13 शस्त्रक्रिया केल्या. युद्धात जखमी झालेल्या सैनिकांचे चेहरे उभे करणारे हे गिलीज. याच काळात डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकी शिकत होते, आणि 1946 मध्ये त्यांचे ‘सेल्फ’ हे पुस्तकही आले, ज्यात त्यांनी मांडले की मन देहाप्रमाणे बदलता येत नसेल तर देह मनाप्रमाणे बदलू द्यावा. पुढे ते व्यापारी जहाजांवर डॉक्टर झाले.

1958 मध्ये सगळे कोसळले. इंग्लंडात सरदार घराण्यांच्या वंशावळीचे दोन मोठे ग्रंथ आहेत. एकात डिलन हे भावाच्या सरदारकीचे वारस म्हणून छापले होते, दुसऱ्यात त्या भावाला बहीण असल्याचे. ही विसंगती वर्तमानपत्रांच्या हाती लागली. जहाज अमेरिकेत बाल्टिमोरच्या बंदरात असताना बातमीदारांनी त्यांना गाठले. डिलन जहाज सोडून भारतात आले.

कालिम्पाँगला त्यांची गाठ संघरक्षितांशी पडली. हे इंग्रज भिक्खू महाराष्ट्राला परके नाहीत. 6 डिसेंबर 1956 रोजी बाबासाहेब गेल्याची बातमी आली तेव्हा ते नागपुरात होते, आणि पुढचे काही दिवस त्यांनी शोकाकुल वस्त्यांमधून भाषणे केली. डिलन वैद्य होते, म्हणून त्यांना नाव मिळाले जीवक. पुढे ते सारनाथला गेले, श्रामणेर झाले, पाली आणि धम्माचा अभ्यास करू लागले. त्यांना भिक्खू व्हायचे होते. पण त्यांचा भूतकाळ त्यांनी विश्वासाने संघरक्षितांना सांगितला होता, आणि संघरक्षितांचा या उपसंपदेला विरोध होता. थेरवादी दार बंद झाले.

मी इथे थांबून विनयाच्या दोन्ही पानांसमोर जीवकांना उभे करून पाहतो. पण्डकाच्या पाच प्रकारांपैकी त्यांना कोणता लागू पडतो? एकही नाही. आणि दुसऱ्या पानावरच्या भिक्खुणीच्या ठिकाणी जे प्रकट झाले होते तेच यांच्या ठिकाणी होते : पुरुषाची खूण. सातव्या प्रश्नाला त्यांनी ‘आम, भन्ते’ म्हटले असते तर त्यात खोटे काय होते? याला उत्तर देणारे म्हणतात की विनयातला बदल कर्माने, आपोआप, रात्रीतून होतो. शस्त्राने केलेला तो वेगळा. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण तो मला पटत नाही. पिटकातल्या त्या दोन ओळींमध्ये बदल कसा झाला याची विचारणाच नाही. विचारणा आहे ती पुढे कुठे राहायचे याची.

जीवक तिबेटी परंपरेकडे वळले. लडाखचे कुशोक बकुला रिंपोछे यांच्या मदतीने 1960 मध्ये ते रिझोंग गोम्पात गेले. सिंधूच्या एका दरीत डोंगराला चिकटलेला हा गेलुग पंथाचा मठ कडक शिस्तीसाठी ओळखला जातो. तिथे त्यांना गेत्सुल, म्हणजे श्रामणेर दीक्षा मिळाली आणि लोबझंग जीवक हे नाव. मठात बसण्याची जागा दीक्षेच्या ज्येष्ठतेवरून ठरते, त्यामुळे पंचेचाळिशीचा हा ऑक्सफर्डचा पदवीधर, जहाजाचा डॉक्टर, पोरसवदा श्रामणेरांबरोबर खालच्या रांगेत बसू लागला आणि स्वयंपाकघरात राबू लागला. तोवरच्या आयुष्यात इतका सुखी मी कधी नव्हतो, अशी भावना त्यांच्या लिखाणातून जाणवते. लडाख सरहद्दीचा भाग, परदेशी माणसाला राहायची परवानगी थोड्या महिन्यांचीच होती. ती संपली आणि त्यांना खाली यावे लागले. ‘इमजी गेत्सुल’, म्हणजे इंग्रज श्रामणेर, हे त्या दिवसांवरचे पुस्तक 1962 मध्ये आले. त्याच वर्षी आपले आत्मचरित्र पूर्ण करून त्यांनी इंग्लंडला पाठवले आणि थोड्याच दिवसांत, 15 मे 1962 रोजी, डलहौसीच्या इस्पितळात वयाच्या 47व्या वर्षी ते गेले. ते आत्मचरित्र छापून निघायला 2016 साल उजाडले. मुखपृष्ठावर लेखकाची दोन नावे आहेत : मायकेल डिलन आणि लोबझंग जीवक. भिक्खूपद त्यांना शेवटपर्यंत मिळाले नाही.

पारलिंगींची वाट आणखी एका कारणाने अडते, आणि ते कारण फारसे बोलले जात नाही. लिंग बदलल्यावर दुसऱ्या संघात जावे, हा विनयाचा तोडगा. पण त्यासाठी दुसरा संघ अस्तित्वात हवा. थेरवादात भिक्खुणीसंघाची परंपरा शतकांपूर्वी तुटली. थायलंडच्या संघराजांनी 1928 मध्ये स्त्रियांना दीक्षा देण्यावर बंदी घातली, ती अजून उठलेली नाही. ज्या देशात भिक्खुणीविहारच नाही, तिथे अट्ठकथेतल्या त्या धीर देणाऱ्या सोबत्याने कुठल्या दिशेला बोट दाखवायचे? म्हणून भिक्खुणीसंघ पुन्हा उभा राहणे आणि पारलिंगींना वाट मिळणे हे दोन वेगळे लढे आहेत असे मला वाटत नाही. डिसेंबर 1996 मध्ये श्रीलंकेच्या दहा स्त्रियांना भिक्खुणी उपसंपदा मिळाली, ती सारनाथला, जिथे जीवक श्रामणेर होऊन थांबले होते. जून 2022 मध्ये भूतानचे मुख्य धर्मगुरू जे खेन्पो यांनी 144 स्त्रियांना पूर्ण दीक्षा दिली. अट्ठकथेतली ती वाट आता पुन्हा कुठेतरी पोहोचू लागली आहे.

थायलंडात आज जे चालते ते तडजोडीचे आहे. 2009 मध्ये मिस टिफनी ही पारलिंगी सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या सोरवी नात्ती यांनी 2013 मध्ये छातीतले इम्प्लांट काढून टाकले, डोके मुंडवले आणि त्या भिक्खू झाल्या. जगभरच्या वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली. संघाने त्यांना घेतले, कारण त्यांचे पुरुषचिन्ह शाबूत होते. शस्त्रक्रिया झालेल्या कथोयला ही वाट नाही, आणि पुरुष म्हणून जगणाऱ्या पारलिंगीला तर मुळीच नाही. त्या भिक्खू झाल्या याचा मला आनंद आहे. पण आत येण्यासाठी त्यांना बाई असणे दाराबाहेर ठेवावे लागले.

जपानमध्ये चित्र निराळे, कारण तिथला पुरोहितवर्ग प्राचीन विनयावर चालत नाही. 1872 पासून तर त्यांच्या विवाहावरची सरकारी बंदीही नाही. शिबातानी सोशुकु हे शिंगोन पंथाच्या एका पारलिंगी पुरोहितेचे नाव. आधी योमिउरी वृत्तपत्रात पत्रकारिता केली, मग कोयासानच्या परंपरेत दीक्षा घेतली. शस्त्रक्रियेनंतर पंथाच्या नोंदवहीतही त्यांचे लिंग बदलून लिहिले गेले. ओसाकाजवळ मोरिगुचीला त्यांनी एक मंदिर चालवले, जिथे समलिंगी आणि पारलिंगी माणसे मोकळेपणाने येत. त्या मंदिराच्या नावातल्या पहिल्या चिन्हाचे दोन अर्थ आहेत : स्वभाव, आणि लिंग.

आपल्याकडे, महाराष्ट्रात, हा प्रश्न वेगळ्या जागी उभा आहे. 2011च्या जनगणनेत देशातल्या सुमारे 84 लाख बौद्धांपैकी 65 लाख इथले होते. यांतले बहुतेक 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात सुरू झालेल्या धम्मदीक्षेचे वारस. त्या दिवशी कुशीनाराच्या भदन्त चंद्रमणींनी बाबासाहेबांना आणि माईसाहेबांना त्रिशरण-पंचशील दिले. (याच चंद्रमणींनी 1949 मध्ये संघरक्षितांना श्रामणेर केले होते.) मग बाबासाहेब स्वतः वळले आणि समोरच्या लाखोंना त्यांनी दीक्षा दिली. स्वतः भिक्खू नसलेल्या माणसाने, एकाच वेळी, सगळ्यांना. तिथे कोणाला बाजूला नेऊन काही विचारले नाही. ती उपासकांची दीक्षा होती, उपसंपदा नव्हे, हे मला माहीत आहे. तरीही मैदानात उभे राहून बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्यांत कोणाचे अंग कसे आहे याला त्या दिवशी अर्थ नव्हता. आज गावोगावच्या विहारांत दहा दिवसांची श्रामणेर शिबिरे भरतात. नावनोंदणीच्या कागदावर स्त्री आणि पुरुष यांच्या पुढे तिसरा रकाना असावा की नसावा, हे ठरवायला त्या विहाराच्या समितीला कोणत्या संघराजाची परवानगी लागत नाही.

आणि भारतातच, तिबेटी परंपरेत दीक्षा घेऊन उघडपणे पारलिंगी म्हणून वावरणाऱ्या एका संन्यस्त व्यक्तीने स्वतःच्या दीक्षेविषयी जाहीरपणे सांगितले आहे. विधीचे इतर प्रश्न रीतीप्रमाणे झाले. लिंगाचा प्रश्न आला तेव्हा गुरूंनी तो विचारला नाही.